अंजिरी सूट

माझे मामा कापडगिरणीत रंगजुळणीच्या खोलीत काम करत. रंगवून आलेल्या प्रत्येक ताग्याचा तुकडा मूळ नमुन्याशेजारी ठेवायचा, दिव्याखाली निरखायचा आणि दोहोंत केसभर फरक दिसला तरी अख्खा तागा परत पाठवायचा, हे ते एकतीस वर्षे करत आले होते. त्या खोलीच्या भिंती राखाडी, टेबल राखाडी आणि मामांचे कपडेही राखाडी. अंगावरच्या रंगाची झाक नमुन्यावर पडली की नजर फसते, म्हणून तो तिथला नियमच होता. हळूहळू नियम घरी आला आणि कपाटात जाऊन बसला. गिरणीत त्यांना ‘भिंग’ म्हणत. मी शिकायला शहरात आलो तो त्यांच्याच घरी राहिलो, आणि चार वर्षांत त्यांना दुसऱ्या रंगात पाहिल्याचे मला स्मरत नव्हते.

मामी रुग्णालयात मुख्य परिचारिका होत्या. चाळीस खाटांचा वॉर्ड नुसत्या नजरेने गप्प करणाऱ्या मामींना माईकची मात्र धास्ती होती. दहा वर्षांपूर्वी त्यांचा सत्कार झाला, तेव्हा व्यासपीठावरून त्यांनी गर्दीत मामांना शोधले. ते सापडले नाहीत, आणि दोन वाक्यांत आभार मानून त्या खाली बसल्या. ती रुखरुख त्यांच्या मनातून गेली नव्हती. आता निवृत्तीचा निरोपसमारंभ तीन आठवड्यांवर आला होता.

“अहो, या वेळी मला पूर्ण बोलायचंय,” चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या. “समोर तुम्ही दिसलात तर बोलेन. पण दिसा हो! मागच्या वेळी मी तुम्हाला राखाडी खांब समजून नजर पुढे नेली.”

मामांनी वाद घातला नाही. एवढेच विचारले, “सभागृहातल्या खुर्च्या कोणत्या रंगाच्या आहेत?”

“मी काय खुर्च्या मोजत बसले होते?”

रविवारी मामा मला घेऊन सभागृह पाहायला गेले. खिशात कापडाचे वीस-बावीस तुकडे होते. प्रत्येक तुकडा खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, व्यासपीठावर चढायचे आणि तिथून पाहायचे. पहारेकऱ्याने बराच वेळ हा प्रकार सोसला.

“साहेब, काही हरवलंय का?”

“अजून नाही. हरवू नये म्हणून आलोय.”

खुर्च्या गडद हिरव्या होत्या, पडदे तपकिरी. पाहुणे काळ्या-निळ्यात येणार, परिचारिका पांढऱ्यात. या सगळ्यांतून वेगळा उठला तो एकच तुकडा: पिकलेल्या अंजिराच्या सालीचा, जांभळ्यात किंचित मातकट लाली उतरावी तसा.

त्या छटेचे सुटाचे कापड मिळायला सहा दुकाने लागली. मामा ताग्याचे टोक धरून दुकानाबाहेर उजेडात जात आणि मान हलवत परत येत. पाचव्या दुकानदाराने हात जोडले. “काका, कापड घेताय की सून पसंत करताय?” सहाव्या दुकानात कापड मिळाले. शिंप्याने ते उलटसुलट करून पाहिले.

“याचे लोक पडदे शिवतात, साहेब.”

“तुम्ही सूट शिवा.”

“शिवतो. पण आत शर्ट फिका घ्या, एवढं ऐका माझं.”

मामांनी ते ऐकले नाही. जुळवणे हा त्यांचा धर्म होता. गिरणीच्या प्रयोगशाळेत सांगून त्यांनी शर्टाचे कापड त्याच छटेत रंगवून घेतले. मग टाय, मग मोजे. बुटांच्या पॉलिशमध्येही तीन रंग कालवून दोन संध्याकाळी घालवल्या. समारंभाच्या सकाळी सगळे अंगावर चढवून ते खिडकीपाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, “काढ फरक. कुठेही काढून दाखव.”

फरक खरोखरच नव्हता. मामी आतून आल्या, पदराची पिन तोंडात तशीच राहिली. त्यांनी मामांना वरपासून खालपर्यंत पाहिले.

“अहो, तुम्ही कुठे आहात यात?”

“म्हणजे?”

“सूट दिसतोय. तुमचं तोंड त्यात बुडालंय. मी काय सुटाकडे बघून बोलू?”

मामांचा चेहरा पडला. एकतीस वर्षांत त्यांनी कापडाशेजारी कापड ठेवले होते, माणूस कधीच ठेवला नव्हता. समारंभाला पाच तास उरले होते.

मामींनी पलंगावरची उशी उचलली आणि त्यांच्या हनुवटीखाली धरली. “रुग्णाचा रंग उतरलाय का, हे आम्ही पांढऱ्या उशीवर बघतो. आता बघा आरशात.”

मामांनी पाहिले. सावळा, रेखीव चेहरा एकदम पुढे आला होता.

“पण हे जुळत नाही गं.”

“नकोच जुळायला!”

मामांनी उशी हातात घेऊन उजेडाकडे वळवली. मग त्यांच्यातला भिंग जागा झाला. “पांढरं भगभगीत होतंय. दिव्याखाली डोळ्यांवर येईल. सायीचा रंग हवा.” तासाभरात आम्ही दुकानातून सायीच्या रंगाचा शर्ट आणला. टाय मामींनी काढून ठेवला आणि गळ्याचे वरचे बटण मोकळे केले. कोटाच्या खिशातला रुमालही त्यांनी काढला. रंगासाठी नव्हे, तर मामा सारखे त्याला हात लावत होते म्हणून. मोजे मात्र मामांनी सोडले नाहीत. “एवढी जोडी तरी राहू दे,” असे म्हणून त्यांनी पाय मागे घेतला.

सभागृह भरले होते. मामा चौथ्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. मामी माईकपाशी आल्या, कागद उघडला, पहिले वाक्य अर्धे म्हटले आणि थांबल्या. त्यांची नजर रांगांवरून सरकत आली आणि आमच्यापाशी टेकली. त्यांनी कागदाची घडी घातली. पुढे त्या अकरा मिनिटे बोलल्या: पहिल्या रात्रपाळीबद्दल, एका हट्टी म्हाताऱ्याबद्दल, स्वतःच्या चुकांबद्दल. सभागृह दोनदा खळखळून हसले. मामा हसले नाहीत. मान ताठ आणि हनुवटी वर धरून, फोटो काढून घेणाऱ्यासारखे ते बसून होते.

परतीच्या रिक्षात मामींनी विचारले, “कसं झालं हो?”

“ऐकायला कुणाला वेळ होता? मी दिसत होतो ना, ते सांग.”

“दिसत होतात. मोठे डॉक्टरसुद्धा वळून वळून बघत होते, मी कुणाशी बोलतेय ते.”

मामांनी समाधानाने मान डोलावली आणि लगेच कळवळून मानेला हात लावला. घरी पोहोचेपर्यंत मामी ती चोळत होत्या.