वरून टाकलेला बोजारा

‘आया लोग उधर बैठो. चप्पल बाहर.’

ती माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्या मुलीच्या गळ्यात प्लास्टिकचा ॲप्रन अडकवत होती. क्लबचा टी-शर्ट घातलेली कोवळी पोरगी, सगळी मुलं तिला दीदी म्हणत होती. मी काही बोलायला तोंड उघडलं. मैत्रीनं, माझ्या मुलीनं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग आत टेबलावर ठेवलेल्या मातीच्या गोळ्यांकडे पाहिलं आणि माझा हात सोडून आत पळाली. काचेचं दार लागलं. मी चप्पल काढली आणि बाकावर जाऊन बसले.

सहा वर्षांची पोर. तिला मातीत हात घालायचा होता. तिचं काय चुकलं.

मी तेव्हा बँकेत अधिकारी होते. गोंदियाला बदली होऊन सहा-सात महिने झाले असतील. लोक म्हणायचे, बरं झालं, आपल्या जिल्ह्यात आलीस. कसला आपला जिल्हा. माझं गाव गोरेगाव तालुक्यात, पण गावात आई-बाबा उरले नव्हते. नवरा नाशिकला नोकरीत अडकलेला. शहरात भाड्याचं घर घेतलं. शेजारच्या बायकांनी पहिल्या दिवशी माझं आडनाव विचारलं, चहा घेतला आणि परत कधी आल्या नाहीत. शाखेत दिवसभर माणसांची रीघ, पण कामापलीकडे बोलणारं कोणी नाही. रविवार तर खायला उठायचा. मी, मैत्री आणि टीव्ही.

शाखेतल्या एका मॅडमना ते जाणवलं असावं. त्यांच्या सासरची राइस मिल होती. त्या म्हणाल्या, आमच्या क्लबमध्ये या एकदा, पाहुणी म्हणून. शहराबाहेर, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, बुजवून बांधलेला नवा फॅमिली क्लब. पोहण्याचा तलाव, जिम, वाफेची खोली, योगाचा हॉल. आणि मुलांसाठी एक वेगळी खोली, जिथे दीदीच्या देखरेखीखाली मुलं रंगवतात, कापतात, चिकटवतात, मातीचं काहीबाही करतात. आई निवांत, मूल रमलेलं. तुम्ही एकट्याच असता, या ना, असं त्यांनी दोनदा म्हटलं. एकट्याच असता हे त्यांनी ओळखलं याचंच मला इतकं अप्रूप वाटलं, की मी होकार दिला.

रविवारी त्यांनी फाटकावर माझं नाव सांगून ठेवलं होतं आणि त्या आधीच आत गेल्या होत्या. मी रिक्षातून उतरले. अंगावर सुती साडी, माझा वर्ण काळा, पायात साधी चप्पल. बाकीच्या मुलांच्या आई ट्रॅकपँटमध्ये, गाडीतून उतरून मुलांना दीदीच्या हवाली करून योगाला जात होत्या. तिथे मूल आणून सोडणाऱ्या बायका दोनच प्रकारच्या होत्या, आई आणि मुलं सांभाळणाऱ्या पगारी आया. दीदीनं मला बघितलं आणि दुसऱ्या प्रकारात टाकलं. तिला विचारायचीही गरज वाटली नाही.

बाक बुटांच्या कपाटाला लागून होता. तिथे तीन बाया बसल्या होत्या. कडेची, पन्नाशीची, थोडी सरकली.

‘बस ना वो. कोनाच्या घरची पोरगी आनली?’

‘माहीच होय,’ मी म्हणाले.

ती हसली. ‘आपुनबी असंच म्हनतो. सांभाळता सांभाळता आपलीच होते.’

खरं सांगितलं होतं मी. तिला ते खोटं वाटलं नाही, तिला ते तिच्यासारखं वाटलं. तिचं नाव कमलाबाई. दवनीवाड्याकडून रोज सकाळी बसनं यायची. एका डॉक्टरांची जुळी पोरं तिच्या अंगावर होती. मी कुठली, माहेर कुठलं, यंदा धान लावायचा रोवणा कसा झाला, सगळं विचारलं. स्वतःच्या डब्यातली मुरमुऱ्याची मूठ माझ्या हातावर ठेवली. मीही बोलत राहिले. कितीतरी महिन्यांनी कोणी माझ्याशी माझ्या बोलीत बोलत होतं. शाळा-कॉलेजात घासूनपुसून टाकलेले शब्द जिभेवर परत येत होते.

म्हणून मी उठले नाही. लोक विचारतात तेव्हा मी सांगते की धक्का बसला होता, भीती वाटली. तेही होतं. पण त्या अख्ख्या क्लबात मला एकटं वाटलं नाही ती जागा तेवढी एकच होती.

काचेतून आतलं दिसत होतं. तो तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. मोठा पोळा बैलांचा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. आमच्याकडे त्या दिवशी पोरं लाकडाचे नाहीतर मातीचे नंदी घेऊन घरोघर जातात आणि घरची बाई त्यांना बोजारा देते. बोजारा म्हणजे खाऊ, चिल्लर, जे असेल ते. क्लबानं त्याचा कार्यक्रम केला होता. दीदी मुलांना बैलाचा फोटो दाखवून शिंगं कशी करायची ते शिकवत होती. मैत्री जीभ बाहेर काढून, मान तिरपी करून वशिंड बसवत होती. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी गाव आठवलं.

माझे बाबा गावच्या पाटलाकडे सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी होते. आमची वस्ती तलावाच्या पाळीखाली, गावापासून तुटून. का तुटून, ते सांगायला नको. पोळ्याला बाबा पाटलाचे बैल धुवायचे, शिंगं रंगवायचे, झूल घालायचे. तोरणाखाली मात्र बैलांसोबत पाटलाचा मुलगा उभा राहायचा. पोळा फुटला की बाबा बैल घेऊन वाड्यापुढे जायचे. पाटलीण बैलांचे पाय धुवायची, कुंकू लावायची, पुरणपोळी भरवायची. बैलाच्या तोंडाला तिचा हात लागायचा. मग बाबा खांद्यावरचा दुपट्टा पसरायचे आणि ती वरून, हात उंच ठेवून, बोजारा टाकायची.

दुसऱ्या दिवशी मी जायची. तलावाच्या गाळाचा नंदी केलेला, शिंगांना बाभळीचे काटे. पाटलाच्या अंगणाशी पोरांची रांग असायची. माझा नंबर सगळ्यात शेवटी. ‘तुहा नंदी तिकडं ठेव, अंगणाबाहेर,’ पाटलीण म्हणायची. मी तो धुळीत ठेवायची आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरायची, मान खाली घालून. आईनं घरूनच शिकवून पाठवलेलं असायचं.

‘दोनी हात जोडून धर. एकबी दाना खाली पडू देऊ नोको. माजले म्हनतीन.’

आईचं चुकत नव्हतं. माजले म्हटलं की दुसऱ्या वर्षी बाबांचं साल सुटलं असतं. मी ओंजळ इतकी घट्ट धरायची की बोटं दुखायची.

क्लबच्या खोलीतली घंटा वाजली. मुलांचे नंदी तयार झाले होते. क्लबच्या अध्यक्षांच्या पत्नी आल्या, नऊवारी नेसून, नाकात नथ. हसऱ्या बाई. मुलांना बोजारा त्या देणार होत्या. दीदीनं दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि त्यांना म्हणाली, ‘मॅडम, पहले इनको निपटा दो.’

बाकावरच्या बाया उठल्या. कमलाबाई उठली. मी पण उठले. का उठले, मला आजही धड सांगता येत नाही. सगळ्या उठल्या म्हणून उठले. एक पाऊल मागे घेता आलं असतं. दाराशी कमलाबाईनं ओंजळ केली, वरून पेढ्यांची पिशवी पडली. मग माझा नंबर. आणि माझे हात उठले. दोन्ही. बोटाला बोट लागलेलं. मान खाली गेली. वीस-बावीस वर्षांत एकदाही तसे न उठलेले हात, बँकेत रोज सह्या करणारे हात, कोणी न सांगता बरोबर त्या जागी जाऊन उभे राहिले.

पिशवी पडली. माझ्या बोटांना त्यांचं बोट लागलं नाही.

‘बच्ची को संभालके ले जाना,’ त्या बाई गोड बोलल्या. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

मान वर केली तर समोर मैत्री. मुलांच्या रांगेत, हातात नंदी. ती माझ्याकडे बघत होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

मग मुलांची पाळी. एकेक मूल पुढे येई, एका हातात नंदी सांभाळी आणि दुसऱ्या हातानं पुडा ओढून घेई. एकाला लाल कागदाचाच पुडा हवा होता, त्यानं तो बदलून घेतला. बाई गालगुच्चे घेत होत्या. मैत्रीचा नंबर आला. तिनं क्षणभर विचार केला. मग खाली वाकून आपला नंदी फरशीवर, पायाशी ठेवला. तिला दोन्ही हात मोकळे हवे होते. तिनं ओंजळ केली. बोटाला बोट लावून, घट्ट. मान खाली घातली आणि वाट बघत उभी राहिली.

तिला हे मी शिकवलं नव्हतं. घरात पोळ्याचं नावही काढलं नव्हतं. माझ्या बाबांना तिनं पाहिलं नव्हतं, पाटलीण तिला ठाऊक नव्हती. सगळं गाडून टाकलं असं समजून मी जगत होते आणि पाच मिनिटांत ते माझ्या हातांतून तिच्या हातांत गेलं.

मी अनवाणीच आत शिरले. दीदी ‘अरे, अंदर नहीं’ म्हणाली. मी गुडघ्यावर बसले आणि मैत्रीचे हात सोडवले. तिनं ते खरंच घट्ट धरले होते. नंदी उचलून तिच्या डाव्या हातात दिला. मग उभी राहिले. हिंदी मला चांगली येते, पण मी मराठीत बोलले.

‘हिच्या हातात द्या. हिच्याकडे बघून द्या. आणि त्या बायांनाही हातात द्या, वरून टाकू नका.’

‘आप कौन?’

‘हिची आई.’

 बाईंचा हात पुड्यासकट हवेत राहिला. मी त्यांचा दुसरा हात धरला, उलटा केला आणि मला मिळालेली पेढ्यांची पिशवी त्यांच्या तळव्यावर ठेवली. टाकली नाही. त्यांनी हात झटकन मागे घेतला.

तेवढ्यात शाखेतल्या मॅडम वाफेच्या खोलीतून आल्या, केसांना टॉवेल गुंडाळलेला. प्रकार कळल्यावर त्या कासावीस झाल्या. ‘बताया क्यों नहीं आपने? बोल देना था ना, ऑफिसर हैं करके.’ दीदी सॉरी सॉरी करू लागली. अध्यक्षांच्या पत्नींनी लगेच खुर्ची मागवली, सरबत मागवलं. माझ्यासाठी. बाकाकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

ऑफिसर म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. मी आया नाही, एवढं बोलायचं होतं. ते माझ्या ओठांवर आलंही होतं. पण ते बोलले असते, तर आयाला वरून टाकलेलं चालतं, असं मीच कबूल केलं असतं. मी सरबत घेतलं नाही.

चप्पल घालायला बाकाशी आले. कमलाबाई जुळ्यांचे बूट बांधत होती. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल. एखादा शब्द. ती बोलली, पण माझ्याकडे न बघता, अगदी हळू.

‘तुमी तं जासान घरी. आमाले उद्या इथंच याचं आहे.’ मग बुटाची गाठ मारत, ‘आंधी सांगतलं असतं तं मी तुमाले बाजूले बसवलंच नसतं.’

मघापर्यंत मी ‘तू’ होते. आता ‘तुमी’ झाले. ते ‘तुमी’ मला दीदीच्या शब्दांपेक्षा जास्त लागलं. ती पेढ्यांची पिशवी तिनं ओच्यात खोचली होती. घरी नातवंडं असतील. 

फाटकापर्यंत मी आणि मैत्री चालत आलो. आत मी त्यांची नव्हते, बाहेर बाकावर कमलाबाईची राहिले नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या बांध्यांत धान पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात. रिक्षा मिळेपर्यंत बराच वेळ गेला. मैत्री नंदीची शिंगं चाचपत होती.

‘आई, तू त्या दीदीला आधीच का नाही सांगितलंस?’

‘मला सवय होती,’ मी म्हणाले.

‘कसली?’

तिला मी तिथेच सगळं सांगितलं. आजोबांचा दुपट्टा, पाटलीण, अंगणाबाहेर ठेवलेला नंदी, घट्ट ओंजळ. सहा वर्षांच्या मुलीला हे सांगू नये असं मला इतके दिवस वाटायचं. आता सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग वरूनच टाकलं तर?’

‘हात खिशात घालायचा.’

‘आणि पेढे खाली पडले तर?’

‘पडू द्यायचे.’

‘मग ते ओरडतील.’

‘ओरडू दे. माजले म्हणतील, म्हणू दे. आपण वाकायचं नाही.’

सोमवारी मॅडमनी माफी मागितली, वार्षिक सदस्यत्वाचं बघते म्हणाल्या. मी सांगितलं, माफी त्या बाकाची मागा. त्यांना ते कळलं नाही. त्यांनी पुन्हा कधी बोलावलं नाही आणि माझे रविवार पुन्हा तसेच झाले. मी, मैत्री आणि टीव्ही. त्या एकटेपणाची मला आता भीती वाटत नाही. कोणी बोलावलं म्हणून हुरळून जाऊन मी पुन्हा कोणाच्या दारात जाणार नाही.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला मी मैत्रीला घेऊन गावी गेले. तिचा नंदी तलावाच्या गाळाचा, शिंगांना बाभळीचे काटे. पाटलाच्या अंगणात आता सून उभी होती. आम्ही रांगेत मध्येच उभ्या राहिलो, शेवटी नाही. मैत्री नंदी छातीशी धरून थेट अंगणात गेली आणि एकच हात पुढे केला. सुनेनं सवयीनं हात उंच धरला. मैत्रीनं आपला हात खिशात घातला.

मुरमुरे अंगणात सांडले. आम्ही एकही दाणा उचलला नाही.