रिकाम्या डिस्कचं कुलूप

राहात्याच्या एका सरकारी कचेरीतल्या त्या कम्प्युटरवाल्या साहेबांचं नाव मला आजही माहीत नाही. कचेरीनं मोडीत काढलेले चार कम्प्युटर आमच्या गावच्या अभ्यासिकेला रीतसर दिले होते, पण एकही सुरू होईना. कम्प्युटरच्या डिस्कवरची माहिती कायमची पुसायची तर आधी डिस्कला पासवर्ड लावावा लागतो आणि पुसून झाली की तो निघून जातो. इथं माहिती गेली, पासवर्ड तेवढा राहिला. परीक्षेच्या सरावाला येणाऱ्या पोरी महिनाभर आल्या पावली परत जात होत्या. शेवटी त्यातली एक डिस्क काढून पिशवीत घातली आणि मी कचेरी गाठली.

"साहेब, पासवर्ड सांगा," मी म्हटलं.

ते रुमालानं चष्मा पुसत राहिले. "गोपनीय हाय, ताई."

"आत काय आहे?"

"काईच न्हाई. पार कोरी हाय."

"मग लपवताय काय?"

"कोरी असली तरी सरकारी हाय."

काय बोलायचं याला! लोकांनी हक्काची माहिती मागितली की यांना ती सापडत नाही, आणि रिकाम्या डिस्कवर मात्र पहारा!

मी खुर्ची सोडेना, तेव्हा कुठं ते डिस्क जोडून बसले. "तोंड तिकडं फिरवा."

फिरवलं. चोरासारखी भिंतीकडं बघत उभी राहिले. मागं साहेब एका बोटानं टाइप करत होते आणि प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणत होते, "ए... बी... सी... डी..."

कुलूप निघालं. साहेब एकदम दचकले. "तुमी ऐकलं न्हाई ना?"

"ऐकलं," मी म्हटलं. "आता पोरींना जाऊन सांगते, त्यांचा महिना कशापायी गेला ते."