शुक्रवारचा रविवार

दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या ऑफिसात फाईल हरवते, पण किस्सा कधी हरवत नाही. एक सांगितला की त्याला चिकटून दुसरा येतोच! त्यातले निम्मे एकट्या फ्रान्सिसचे.

फ्रान्सिस वसईचा. तो आला तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारी आणि रविवारी ऑफिस. पहिल्याच आठवड्यात तो आमच्या मॅनेजरांकडे, रत्नागिरीच्या अन्वरभाईंकडे गेला. "सर, रविवारी चर्चला मिस्सासाठी जायचंय. दोन तास मिळतील?"

"शुक्रवारी जा. तुमचं चर्चपण तेव्हाच भरतं."

त्याला वाटलं, साहेब चेष्टा करतायत. शुक्रवारी जाऊन बघतो तर उभं राहायला जागा नाही! मला म्हणाला, "सगळं सेम टू सेम रे. फक्त वार चुकलाय!"

*

मग त्याने फादरना गाठलं. फादर म्हणाले, सुरुवातीचे ख्रिस्ती बहुतेक ज्यूच. त्यांचा विश्रांतीचा वार शनिवार. पण येशू पुन्हा उठला तो रविवारी, म्हणून ते रविवारी जमायला लागले. तेव्हाही रविवार कामाचाच! पहाटे प्रार्थना उरकायची आणि कामाला पळायचं. सुट्टी मिळाली ती जवळजवळ तीनशे वर्षांनी, एका रोमन बादशहाकडून.

फ्रान्सिसने हे लंचला आम्हाला सांगितलं. अन्वरभाईंनी शांतपणे ऐकलं. "तीनशे वर्षं अर्ज पेंडिंग? आणि तू मला दोन तासांसाठी दर सोमवारी रिमाइंडर पाठवतोस!"

*

त्याची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. धर्मशिक्षणाच्या वर्गात बाईंनी विचारलं, जग निर्माण केल्यावर देवाने कधी विश्रांती घेतली? हिने ठोकून दिलं, "फ्रायडे!"

घरी फ्रान्सिस रागावला. तर ती म्हणते, "बट पापा, ऑन संडे ही हॅज ऑफिस!"

*

मग सरकारने सुट्टी बदलली. शनिवार-रविवार! फ्रान्सिसने ऑफिसभर केक वाटला. पहिल्याच शुक्रवारी दुपारी अन्वरभाई कीबोर्ड ढकलून नमाजाला पळाले आणि धापा टाकत परत आले. फ्रान्सिसने पाण्याचा ग्लास पुढे केला. "होईल सवय, सर. आम्हाला तीनशे वर्षं लागली!"

*

सगळ्यात भारी किस्सा मात्र सुट्टी बदलण्याआधीचा. फ्रान्सिसची आई वसईहून आली होती. शुक्रवारची मिस्सा तिला मान्यच नाही. "देवाचा वार म्हणजे रविवार!" शेवटी रविवारी ऑफिसच्या आधी, पहाटेच्या मिस्साला न्यायचं फ्रान्सिसने कबूल केलं. नेमका त्याच पहाटे हमरिया फ्री झोनमध्ये आमचा कंटेनर अडकला. अन्वरभाईंनी त्याला फोन केला. "यल्ला, तू तिकडे नीघ! आईंना मी नेतो." पहाटेची फजरची नमाज पढून ते गाडी घेऊन दारात हजर!

गाडीत फ्रान्सिसची आई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या मावशी, कौतुकाने म्हणाल्या, "कामाच्या दिवशी एवढ्या पहाटे उठून येतोस. गुणी आहेस हो. तुझं चर्च कुठलं, बाबा?"

"शुक्रवारचं, मावशी."

मावशींचा चेहराच पडला. चर्चच्या दारात त्यांनी अन्वरभाईंचा हात घट्ट धरला. "तुझंपण डोकं फिरवलं का इथल्या लोकांनी? चल आत!"

अन्वरभाई तासभर शेवटच्या बाकावर बसून राहिले. ऑफिसात उशिरा पोचले तेव्हा मोठे साहेब घड्याळ बघत उभेच होते. "काय अन्वर, आज लेट?"

अन्वरभाई म्हणाले, "आज रविवार ना, सर!"