तिची पिशवी, माझं गर्भाशय

लोहारा तालुक्यातल्या एका गावात मी शाळेत शिकवते. आमच्या शेतात खुरपायला एक बाई येते, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. गेल्या वर्षी आम्हा दोघींनाही एकच दुखणं लागलं, पाळीत अंगावरून फार जायचं. मी गडद साडी नेसून खुर्चीत बसून शिकवायचे, ती भर उन्हात वाकून खुरपायची. एक दिवस ती बांधावर चक्कर येऊन बसली. मी म्हणलं, "मी उमरग्याला दाखवायला चाललेच आहे, तूही चल." त्यात स्वतःच्या चांगुलपणाचं थोडं कौतुकही होतं, खोटं कशाला बोलू.

सोनोग्राफीत दोघींच्याही गर्भाशयात गाठ निघाली. रिपोर्टची दोन पाकिटं माझ्याच हातात मिळाली. त्यातलं एक मी तिला दिलं आणि आम्ही जवळच्या खाजगी दवाखान्यात गेलो.

आधी माझा नंबर. "या मॅडम, बसा," डॉक्टर म्हणाले, चहाही विचारला. रिपोर्टवर नजर टाकली. "फायब्रॉइड आहे. साधी गाठ, लहान आहे. गोळ्या घ्या, सहा महिन्यांनी परत बघू."

"काढावं तर लागणार नाही ना?"

"छे हो! गर्भाशय म्हणजे बाईच्या शरीराचा आधार. हल्ली उठसूट काढतात. मी त्याच्या सक्त विरोधात आहे."

असा तत्त्वाचा माणूस उमरग्यात आहे, म्हणून मी भारावून गेले. मग ती आत आली. मी बाजूलाच बसले होते. तिला कुणी बस म्हणालं नाही, म्हणून मीच म्हणलं, तेव्हा ती स्टुलाच्या कडेवर टेकली.

"लेकरं किती?"

"दोन."

"कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन?"

"झालंय."

"मग पिशवी काढून टाक. गाठ मोठी आहे. उद्या कॅन्सर झाला म्हणजे?"

पाच मिनिटांत गर्भाशयाची पिशवी झाली होती. मी विचारलं, "गोळ्या देऊन बघितल्या तर?"

"मॅडम, या लोकांना गोळ्या वेळेवर घ्यायचं कळत नाही. आणि लेकरं झाल्यावर पिशवीचं काय लोणचं घालायचंय?" ते हसले. मीही जरा हसले. त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. खर्च चाळीस हजार सांगितला. माझ्या ओळखीची म्हणून पस्तीस.

स्टँडवर लोहाऱ्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. तिनं पाकीट उघडलं. ती सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी येत नाही, पण आकडे वाचता येतात.

"बाई, माझं वय पंचेचाळीस लिव्हलंय की!"

मी कागद ओढून घेतला. वरचं नाव माझं होतं. पोरांचे पेपर तपासताना वेलांटी चुकली तरी अर्धा मार्क कापणारी मी, पाकिटावरचं नाव न बघता तिला दिलं होतं. आणि डॉक्टरांनीही नाव बघितलं नव्हतं, वय बघितलं नव्हतं. त्यांनी बहुतेक आमच्या चपला बघितल्या होत्या. म्हणजे लहान गाठ तिची होती आणि मोठी माझी.

आम्ही परत गेलो. आता कसे सापडले, अशा उत्साहात मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. डॉक्टर जराही वरमले नाहीत.

"असं होय! तर मॅडम, तुमची गाठ जरा मोठी आहे. पण काळजी नको. सोलापूरला माझे मित्र दुर्बिणीतून नुसती गाठ काढतात. गर्भाशय शाबूत राहतं."

"आणि हिची तर लहान निघाली. मग गोळ्या—"

"लहान आहे तोवरच पिशवी काढलेली बरी."

मी काही बोलायच्या आत ती उठली. "चला बाई, गाडी चुकंल." दाराबाहेर आल्यावर म्हणाली, "लोणचं घालीन न्हाय तर उन्हात वाळवीन. पिशवी माझी हाय."

पुढच्या आठवड्यात ती एकटीच धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात गेली. त्या दिवशी बायकांचे डॉक्टर रजेवर होते. तिची मजुरी बुडाली. दुसऱ्या खेपेला मी सोबत गेले. चार तास रांगेत उभं राहिल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं, गोळ्या दिल्या, रक्तवाढीच्याही दिल्या आणि कधी घ्यायच्या ते दोनदा समजावलं. मी विचारलं, "पुढं गाठ वाढलीच, तर नुसती गाठ काढता येईल?" त्या खरं बोलल्या. "इथं ती सोय नाही. मग पिशवीच काढावी लागेल."

गोळ्या तिनं एक दिवसही चुकवल्या नाहीत. मी मात्र माझ्या लोहाच्या गोळ्या तीनदा विसरले. तीन महिन्यांत तिचं अंगावरून जाणं कमी झालं.

माझी गाठ सोलापूरला दुर्बिणीतून निघाली. विमा होता, म्हणून निभावलं. मी घरी आल्यावर ती बघायला आली. येताना भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली होती.

"किती लागलं बाई?"

मी खऱ्या आकड्याच्या निम्मा सांगितला.

"तेवढ्यात माझी तिनदा काढली असती," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली. मला हसायची सोय नव्हती. टाके दुखत होते.

मग जाताना दारात थांबून तिनं विचारलं, "पुढल्या महिन्यात मला परत बोलिवलंय. तुमाला सुट्टी मिळंल का?"

"मिळंल," मी म्हणलं.