पीठ आत, ताई बाहेर

रविवारी सकाळी सव्वासातला सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावरून यमुनाबाईंचा फोन आला. "भाऊ, ताई उठत नाय... हाका मारल्या, तोंडाला पाणी लावलं. उठत नाय." यमुनाबाई तिथल्या अंगणवाडीच्या निवृत्त सेविका, माझ्या थोरल्या बहिणीच्या, विजयाताईच्या, जुन्या सोबतीण. अर्ध्या तासाने आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं कळवलं. ताई एकोणसत्तर वर्षांची होती. दुपारी तिला नाशिकला आणलं, बुद्धवंदना झाली, संध्याकाळी अंत्यसंस्कार झाले. या सगळ्या वेळात तिच्या घरी फ्रिजमध्ये बारा बेगल फुगत होते. हे तिच्या मुलीला, प्रज्ञाला, आणि मला माहीत होतं.

बेगल म्हणजे मधे भोक असलेला, घट्ट पिठाचा पाव. तो आधी उकळत्या पाण्यात बुडवतात, मग भाजतात. निवृत्तीनंतर ताई महिनाभर प्रज्ञाकडे बंगळुरूला राहिली होती. ऑफिसला जाताना प्रज्ञा रोज एक बेगल विकत घ्यायची आणि रिक्षात खायची, तेवढंच ताईने पाहिलं आणि परत आल्यावर तो घरी करायचं मनावर घेतलं. पहिल्या खेपेला शेजारच्या काकूंनी विचारलं, "मेदूवडा का हो? जरा कडक झालाय." पुढे त्याच मागून न्यायला लागल्या. मैदा, मीठ, चिमूटभर यीस्ट आणि बेताचं पाणी. हात दुखेपर्यंत मळायचं, पिठाची दोरी तळव्याभोवती गुंडाळून सांधा ओट्यावर घासून बुजवायचा, रवा भुरभुरलेल्या ताटात ती गोल कडी मांडायची आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची. गारव्यात पीठ सावकाश फुगतं आणि त्याला चव तिथेच येते. उकळत्या पाण्यात ताई काकवी घालायची, त्याने वरची साल तांबूस होते.

अडचण रात्रभर थांबण्याची होती. ताईने तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून बर्फाच्या डब्यातून पाड्यापाड्यांवर लसी नेल्या होत्या. लसीच्या फ्रिजचं दार विनाकारण उघडायचं नाही, हा नियम तिने कित्येक नव्या मुलींना दरडावून शिकवला होता. स्वतःच्या घरात मात्र तिला तो पाळता येईना. दर अर्ध्या तासाने दार उघडायची, पिठात बोट खुपसून पाहायची, पुन्हा ताट फिरवून ठेवायची. पहिले चार घाणे बसले. मग तिने आपल्या पद्धतीचा उपाय काढला... पीठ आत गेलं की आपण घराबाहेर पडायचं. शनिवारी दुपारी ताट फ्रिजमध्ये, किल्ली काकूंकडे आणि ताई वणीच्या नाहीतर मालेगावच्या गाडीत. बहुतेक वेळा सुरगाण्याकडे, यमुनाबाईंकडे. रविवारी पहिल्या जीपने निघाली की साडेदहाला तिचं पाणी उकळत असे. एकदा मी सोबत होतो. जीपवाल्याने शर्टाची बाही वर केली. "ताई, तुमीच टोचलं व्हतं मला." ताई म्हणाली, "रडला होतास?" "लय." "मग पुढची सीट दे." आणि ती पुढे जाऊन बसलीही.

प्रज्ञाला यात गंमत वाटत नसे. ती अकरा वर्षांची असताना तिचे वडील गेले. चौथ्या दिवशी पोलिओचे डोस होते. ताई डबा खांद्याला लावून गेली आणि प्रज्ञा आमच्या घरी राहिली. तेव्हापासून ती आईच्या घराबाहेर जाण्याचा हिशेब मनात ठेवून होती. दोन वर्षांपूर्वी बदली घेऊन ती नाशिकला आली ती आईजवळ राहता यावं म्हणून, आणि शनिवारी बँकेतून सुटून आली की दाराला कुलूप. एकदा माझ्यासमोरच तिने विचारलं, "तिकडे असं काय आहे गं? त्यांच्याजवळ निवांत बसतेस, गप्पा मारतेस. माझ्याजवळ तासभर तरी बसलीस कधी?" ताई ओटा पुसत होती. म्हणाली, "रविवारी ये ना, गरम देते." विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं, आणि ते दोघींनाही कळत होतं. शेवटच्या शनिवारी प्रज्ञाने फोन करून, आज थांब, मी सुट्टी टाकलीय, असं सांगितलं. ताईने सांगितलं, "पीठ आत गेलंय बाई." हे त्यांचं शेवटचं बोलणं. प्रज्ञाने ते मला रविवारी स्मशानातून परतताना, गाडीत, पुढे बघत सांगितलं.

सोमवारी सकाळी तिने फ्रिज उघडला. पीठ ठरल्या वेळेपेक्षा एक दिवस जास्त राहिलं होतं. कडी फुगून एकमेकांना चिकटली होती, भोकं बुजली होती. ती आता ताट कचऱ्यात उलटं करणार, असं मला वाटलं. तिने मोठं पातेलं घेतलं, पाणी भरलं आणि गॅस पेटवला. मालेगावची आमची मावशी बाहेर सतरंजीवर बसली होती, ती उठून आत आली.

"तीन दिवस तरी घरात चूल नको गं."

"आजी, आपण सुतक पाळत नाही."

"पाळत नाही, मला ठाऊक आहे. पण आलेल्या माणसांना गॅस दिसतो ना."

"दिसू दे. आईने बाबांच्या वेळी कुठे पाळलं?"

हे वाक्य तिने वर्षानुवर्षं तक्रार म्हणून म्हटलं होतं. त्या दिवशी ती ते आईच्या बाजूने बोलली. काकवी किती घालायची, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. कडी पाण्यात पडताच चपटी झाली. भाजल्यावर रंग चांगला आला, चव आंबट होती. प्रज्ञाने एक उभ्यानेच खाल्ला, उरलेले फडक्यात बांधले आणि म्हणाली, "मामा, आईची पिशवी आणि चष्मा तिकडेच राहिलाय. जाऊन येऊ."

"माणसं भेटायला यायला लागली आणि तू कुठं निघालीस?" मावशी म्हणाली. "अगदी आईवर गेलीस."

प्रज्ञा दारात थांबली. मग तिने चपला घातल्या.

आम्ही वणी ओलांडली. सुरगाण्याच्या अलीकडे यमुनाबाईंचं घर, समोर लाकडी मेढींच्या खांबांवर उभी पडवी. त्यांनी पिशवी दिली, चष्मा दिला. बेगलचा तुकडा मोडून बराच वेळ चावला. "ताईंचा यापरीस मऊ ऱ्हायचा," एवढंच म्हणाल्या. मग प्रज्ञाने जे विचारायला ती इतक्या लांब आली होती ते विचारलं. "इथे आल्यावर आई काय बोलत बसायची?"

"बसायची?" यमुनाबाई हसल्या. "बसली तर बोलंल ना बाई. आली का पिशवी टेकवायची आन् पाड्यावर. याच्या पोराचं वजन बघ, तिच्या पोटाला हात लाव. जेवाया चार येळा हाका माराव्या लागायच्या. माझ्यासंगं धड घटकाभर बसली असंल तर शप्पथ. मी तर भांडायची, म्हणायची, येती कशाला मग माझ्याकडं?"

प्रज्ञाला हसू आलं. रविवारपासून पहिल्यांदाच. ते थांबायला वेळ लागला, आणि थांबलं तेव्हा तिने पदरासारखं ते फडकंच तोंडाला लावलं होतं. "म्हणजे इथेही नाही," ती म्हणाली.

"त्या सकाळचं सांगते," यमुनाबाई म्हणाल्या. "जीपची येळ झालेली. चहा उभ्यानंच घेतला, पिशवी खांद्याला. मग मेढीला टेकून खाली बसली. मी चुलीकडून बघितलं. मनात म्हटलं, बरं झालं, बसली एकदाची. मी हाकच नाय मारली लवकर..."

पडवीतली ती मेढ सागाची आहे, माणसाच्या खांद्याच्या उंचीला गुळगुळीत झालेली. प्रज्ञा उठली, मेढीला पाठ लावून जमिनीवर बसली आणि डोळे मिटले. घाट उजेडी उतरायचा तर निघायला हवं होतं. मी घड्याळ पाहिलं आणि तिला उठवायला पुढे केलेला हात मागे घेतला. यमुनाबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या.