आधी आपली बाजू

गिटारमामांना कुणी काही बिघाड सांगितला की त्यांचं बोट आधी त्यांच्याच छातीवर जायचं. "आधी आपली बाजू तपासायची, मग पुढच्याला शिव्या घालायच्या." दौंडला रेल्वेच्या डब्यांतले दिवे-पंखे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला आणि तिथला हा नियम त्यांनी आमच्या ऑर्केस्ट्रालाही लावला. ढोलकी उतरली, पेटीचा भाता फाटला, गाणाऱ्याचा घसा बसला, सगळ्यांना एकच औषध. आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो.

मी शिरूरचा माईकवाला. ॲम्प्लिफायर मी स्वतः, सुटे भाग आणून जोडलेला. मामा मला सुदामशेठ म्हणायचे. माझ्याकडे शेठजींसारखं काही नव्हतं, पण ऐकायला बरं वाटायचं. कार्यक्रम असला की ते दौंडहून एसटीने यायचे, मांडीवर ती लालभडक गिटार उभी धरून. परदेशी निघालेल्या एका इंजिन ड्रायव्हरकडून त्यांनी ती घेतली होती. विजेवरची गिटार तेव्हा कुणी पाहिलेली नव्हती. "शॉक बसत न्हाई व्हय ओ?" एका म्हातारीने विचारलं. "बसतो की. पर ऐकणाऱ्याला," मामा म्हणाले.

गिटारीच्या तारांखाली आवाज उचलणारे दोन पिकअप होते. खटका वर केला की एक चालू, खाली केला की दुसरा, मध्ये ठेवला की दोन्ही मिळून भरदार आवाज. त्यातला एक मुका झाला. नवा मिळणार कुठून? मामांनी केसाएवढी बारीक तार पैदा केली आणि मामींच्या शिलाई मशीनवर, बॉबिन भरायच्या चकतीवर तो पिकअप पुन्हा गुंडाळला. घरी तो एकटा वाजवून पाहिला, झकास वाजला. मग काय, मूठभर मांस चढलं. "कंपनीला जमंना असं काम केलंय," हे त्यांनी अख्ख्या दौंडला सांगितलं असणार.

त्या गणपतीत शिरूरच्या बाजारपेठेत कार्यक्रम होता. मामांनी खटका मध्ये ठेवला, दोन्ही पिकअप लावले, आणि गिटार नाकात बोलू लागली. पत्र्याच्या डब्यात माशी सापडावी तसा बारीक, पोकळ आवाज. मामांनी माझ्याकडे पाहिलं, माईक ओढला आणि म्हणाले, "मंडळी, माफी असावी. गिटार आपली एक नंबर हाय, सेट तेवढा घरगुती हाय."

सगळी पेठ हसली. मी स्टेजमागे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एकेक जोड तपासत होतो. एकही ढिला निघाला नाही, पण ते सांगायला मी माईकपाशी जाणार कसा? त्या दिवसापासून मी रस्त्याने निघालो की पोरं ओरडायची, "घरगुती आला!" लग्नाच्या सुपाऱ्या दुसरीकडे गेल्या. तेही सोसलं. पण एप्रिलात आमच्या वस्तीतले आप्पा घरी आले. चहा घेईनात. "सुदाम, यंदा जयंतीला भाईरचा सेट सांगितलाय. वाईट वाटून घिऊ नगं. जयंतीला खरखर नगं, म्हून." ज्या निळ्या झेंड्यांखाली मी पहिल्यांदा कर्णा बांधला, तिथं दुसऱ्याचे कर्णे वाजत होते आणि मी घरात बसलो होतो. बायकोने दार लावून घेतलं. आवाज यायचा तो आलाच. लाजेने जीव नकोसा झाला होता.

पावसाळ्याच्या तोंडावर, बाजारच्या दिवशी मामा माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. बराच वेळ गिटारीची पिशवी कुरवाळत होते. मग मान खाली घालूनच म्हणाले, "दौंडात रेल्वेच्या हॉलात वाजवलं. सेट दुसरा, आवाज त्योच. नाकातला."

"मग?"

"मग आपली बाजू तपासली." त्यांचं बोट छातीवर गेलं आणि तिथंच राहिलं. "मशीनवर तारेचे येढे उलटे बसले, सुदाम. दोन्ही पिकअप एकाच गाडीला दोन बाजूंनी ढकलत व्हते. गाडी हलंल कशी? दोन वायरींची अदलाबदल क्येली, दोन मिंटांचं काम." मग म्हणाले, "कर्णा भाईर काढ."

मी नको म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. भर बाजारात त्यांनी गिटार वाजवली, तर आवाज पुन्हा नाकातलाच! मी चपापलो. मामा माईकवर म्हणाले, "ह्यो बिघाड माझाय. तुमाला दावायला आज मुद्दाम उलटा जोडून आणलाय. म्या त्यो ह्या माणसाच्या सेटवर घातला व्हता." मग भाजीवाल्या बायकांच्या समोर त्यांनी गिटार उघडली, दोन वायरी सोडवून त्यांची अदलाबदल केली, कथलाचा डाग दिला. पुन्हा वाजवली, तेव्हा आवाज पार वेशीपर्यंत भरून गेला.

ऐकायला माणसं किती? गणपतीतली गर्दी थोडीच परत येणार होती! जे होते त्यातले निम्मे मेथीचा भाव करत होते. पण आप्पा होते, आणि पुढच्या जयंतीला कर्णे माझे लागले.

मामा मात्र तिथं थांबले नाहीत. पुढे शिरूरच्या प्रत्येक कार्यक्रमात, वाजवण्याआधी ते ही कबुली देत. लोक कंटाळले, मलाच शरमल्यासारखं होऊ लागलं. "मामा, पुरं आता," मी एकदा हात जोडले. तर म्हणाले, "तुझी लाज समद्या गावानं बघितली. माझी बी बघू दे की." त्या गणपतीनंतर त्यांनी कधी माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. सुदामशेठ म्हणायचं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं. माफ केलं, असं मी किती वेळा सांगितलं, पण त्यांना ते ऐकूच जात नसावं.

ते गेले तेव्हा दौंडच्या शोकसभेला सेट माझाच होता. मामी माईकसमोर उभ्या राहिल्या. ओठ हलले, कर्ण्यातून काहीच आलं नाही. एकेक मान माझ्याकडे वळली, तशी माझ्या कानाच्या पाळ्या पुन्हा तापल्या. मी उठणार, एवढ्यात मामींनी हात वर करून मला बसवलं आणि बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"सेट चांगला हाय," त्या कशाबशा म्हणाल्या. "माझाच आवाज फुटंना."