गुरुवारची बोट

रमण गोताडला स्वतःच्या मुलीचा चेहराच माहीत नव्हता. म्हणजे विचार करा, माणूस बाप झालाय, कामगारांच्या सगळ्या कॅम्पला बरका गावचा ओमानी हलवा वाटून झालाय, आणि कोणी विचारलं की पोरगी कोणावर गेलीय, तर हा नुसता हसतो.

साल ९३. रमण संगमेश्वराकडचा, आयटीआय करून मस्कतजवळच्या रुसैलच्या पाइपच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलेला. निघाला तेव्हा बायकोला, लीलावतीला सहावा महिना होता. मुलगी झाल्याची तार आली, मग तिचं पत्र आलं की देवरुखच्या फोटोवाल्याला सांगून ठेवलंय, पुढच्या पत्रात फोटो टाकते. झालं! तेव्हापासून हा त्या पुढच्या पत्राची वाट बघत बसलेला.

आणि तिथे पत्राचं कसं होतं, की दारावर पोस्टमन येतच नाही. सगळं टपाल कंपनीच्या पोस्ट बॉक्सात, तेही तिकडे मस्कत शहरात, रुवीला. बॉक्सची चावी रशीदकडे. रशीद म्हणजे कंपनीचा मंदूब, व्हिसा, लेबर कार्ड, सरकारी ऑफिसांच्या खेपा सगळं बघणारा ओमानी माणूस. तो जमेल तेव्हा बॉक्स उघडायचा, पत्रं रुवीच्या ऑफिसातल्या खणात टाकायचा, आणि रुसैलला जाणारं कोणी दिसलं तर त्याच्या हातात द्यायचा. नाही दिसलं तर पत्रं खणातच. म्हणजे समुद्र ओलांडून आलेलं पत्र शेवटच्या टप्प्यावर येऊन अडकायचं. रमणचा जीव नुसता तुटायचा.

अशात एका शुक्रवारी इंजिनिअर वानखेडेसाहेबांनी त्याला दार्सैतला घरी बोलावलं, किचनचा नळ गळत होता म्हणून. यशवंत वानखेडे नागपूरकडचे, जुनी तिकिटं आणि पाकिटं जमवायचा त्यांना भयंकर नाद. नळ खोलता खोलता साहेबांनी त्याला एक पिवळं पडलेलं पाकीट दाखवलं. तिकीट हिंदुस्तानचं, राणीचं डोकं असलेलं, आणि वर शिक्का मस्कतचा! साहेब म्हणाले, तेव्हा इथलं पोस्ट आपल्याच टपालखात्याखाली होतं, मुंबईहून आगबोट निघायची, कराची, मस्कत करत पार बसऱ्यापर्यंत डाक न्यायची. रमणने विचारलं, बोटवाले नेमाने कशाला येतील, त्यांना माल भरायचा असणार ना? साहेब म्हणाले, म्हणून तर करार. सरकार बोटीच्या कंपनीला वर्षाला ठरलेली रक्कम देणार, कंपनीने ठरल्या दिवशी बोट सोडायची, उशीर झाला की दंड.

बस. रमणच्या डोक्यात दिवा पेटला. साहेब अजून बोलतच होते, हा नळ बसवून, पाना तिथेच ओट्यावर विसरून, टॅक्सी पकडून कॅम्पवर हजर.

दर गुरुवारी दुपारी कंपनीची मिनीबस कॅम्पवरच्या पोरांना बाजाराला रुवीला न्यायची. चालवणारा बद्रुद्दीन, आपला बाणकोटचाच. रमणने सगळ्यांना गोळा केलं आणि करार ठरवला. बद्रुद्दीनने परत निघताना ऑफिसातून टपाल उचलायचं, मगरिबच्या, म्हणजे सूर्य बुडतानाच्या बांगेला रुवी सोडायची आणि इशाच्या, म्हणजे रात्रीच्या बांगेआधी कॅम्पवर पोचायचं. बदल्यात दर शुक्रवारी सुरमईचं कालवण, माशाचं डोकं बद्रुद्दीनचं. उशीर झाला तर त्या शुक्रवारची भांडी तो घासणार. रमणच्या खोलीतला प्रशांत म्हणाला, "याला फिटर कोणी केला, याला लाटसाहेब करायला हवा होता." पण सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि त्याच दिवसापासून मिनीबसचं नाव पडलं बोट.

पहिल्या गुरुवारी रमण गेटवर उभा. इशाची बांग व्हायच्या कितीतरी आधी बोट आली, हॉर्न वाजवत, ऐटीत. बद्रुद्दीनने खिडकीतून कापडी पिशवी पुढे केली. रिकामी.

"टपाल कुठाय?"

"मिळालं नाही. खणाला कुलूप, किल्ली रशीदकडे, आणि रशीद आलाच नव्हता ऑफिसात."

"मग थांबायचं ना जरा!"

"आणि भांडी कोण घासणार, तुझा सासरा? बांग झाली, मी सुटलो. करारात टायम लिहिलाय, टायमावर आलो. डोकं माझं."

कॅम्प हसून हसून लोळला. रमणला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. आणि वर दुसऱ्या दिवशी डोकंही द्यावं लागलं, करार म्हणजे करार.

मग तो पाना आणायच्या निमित्ताने पुन्हा दार्सैतला गेला आणि सगळं सांगितलं. साहेब पोट धरून हसले. म्हणाले, "अरे, तू अर्ध्यातच पळालास! विलायतेची डाक मुंबईला उशिरा आली तर इकडची बोट तिच्यासाठी थांबवून ठेवायचे. थांबण्याचा वेळ दंडात धरायचाच नाही. रिकामी बोट वेळेवर येऊन कोणाला काय मिळणार?"

रमणने कपाळावर हात मारला. यावेळी मात्र शेवटपर्यंत बसून ऐकलं, चहासुद्धा प्यायला. आणि येताना सरळ रुवीला उतरून रशीदच्या घरी गेला. घाबरतच गेला, कारण मंदूबवर चिडलेला सगळा कॅम्प होता, पण त्याच्याशी बोललेलं कोणीच नव्हतं. रशीदने खजूर आणि कावा, म्हणजे तिकडची बिनदुधाची कॉफी, पुढे केली आणि मोडक्या हिंदीत म्हणाला की गुरुवारी तो पोस्टातून पत्रं घेतो खरी, पण मग गाडी फिरवत घरी जातो, ऑफिसला कशाला जाईल, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की बस वाट बघते. आता येईन, मगरिबची नमाज झाली की लगेच. इन्शाल्ला.

इन्शाल्ला म्हणजे देवाची मर्जी असली तर, तेव्हा याचा काही नेम नाही हे रमणला कळत होतं. पण कराराला नवीन कलम लागलं, रशीद येईपर्यंत बोट थांबेल आणि त्या उशिराला दंड नाही.

पुढच्या गुरुवारी इशाची बांग झाली, बोट नाही. प्रशांत म्हणाला बुडाली. नमाजाला गेलेले परत आले, बोट नाही. रमण गेटपाशी येरझाऱ्या घालतोय. आणि मग दिवे दिसले.

पिशवी फुगलेली होती! किती दिवसांचं साचलेलं सगळं एकदम आलं. बद्रुद्दीन टपावर चढून एकेकाचं नाव पुकारत होता, पण रमणचं पाकीट त्याने पिशवीत ठेवलंच नव्हतं, शर्टाच्या खिशात ठेवलं होतं, दुमडू नये म्हणून. आत पुठ्ठा लावलेला हाताला लागत होता.

रमणने बोटीच्या हेडलाइटसमोर वाकून ते उघडलं. पोरगी पाटावर बसवलेली, मागून धरलेला लीलावतीचा हात तेवढा दिसतोय, आणि पोरगी फोटोवाल्याकडे असं कपाळाला आठ्या घालून बघतेय, जशी काही त्याने उशीरच केलाय.

"कोणावर गेलीय?" प्रशांतने विचारलं.

"माझ्या आईवर," रमण म्हणाला. फोटो त्याने दिव्याच्या आणखी जवळ धरला. "अगदी आईवर. बघ ना आठ्या."

फोटो हातोहात सगळ्या कॅम्पभर फिरला. बद्रुद्दीनला बस धुवून रुवीच्या यार्डात लावायची होती, तो इंजिन चालू ठेवून बसला होता. रमण तसाच त्याच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, तुझ्याच बरोबर उत्तर पाठवायचं होतं रे, पण अजून लिहिलेलं नाही.

बद्रुद्दीनने इंजिन बंद केलं. "लिही," तो म्हणाला. "मी थांबतो."